संन्यासाचे रोडगे

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तमाम मतदार बंधू-भगिनींना, चहाच्या टपऱ्यांना आणि समस्त सोयऱ्याधायऱ्यांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक सक्रिय राजकारणातून कायमचा निवृत्त झालेला आहे. तरी कोणीही शोकापोटी बाजारपेठ बंद ठेवू नये. एसटीच्या गाड्या नेहमीप्रमाणे धावतील.

आता कोणी विचारील, तुम्ही राजकारणात होता कधी? प्रश्न खोचक आहे, पण उत्तर तयार आहे. मी कधी कशाला उभा राहिलो नाही, हे खरं. कॉलनीच्या गणपती मंडळात एक वर्ष उपखजिनदार होतो, तेव्हा पत्रिकेत नाव छापायला जागा पुरली नाही, हेही खरं. पण पुढारी राजकारण करतो ते निवडणुका आल्या की. मी रोज करत होतो, आणि तेही स्वतःच्या पैशाचा चहा पिऊन.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. सकाळी कंपनीची बस पंचवटी चौकात येते. त्या बसमध्ये डावीकडच्या खिडक्या आमच्या साहेबांच्या आणि उजवीकडच्या त्यांच्या साहेबांच्या, अशी वाटणी कोणी न करता झालेली होती. रहाटगाव येईपर्यंत सरकार पडायचं आणि टोलनाक्याच्या आत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी उरकायचा. खातेवाटप मी करत असे. दिवसभर सुताच्या पेट्या मोजताना माझं डोकं गृहखात्यात असायचं.

हे सगळं निभावून गेलं असतं. पण माझ्याच तोडीचा एक गडी अकोल्यात बसला होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मोठा भाऊ होता.

साळेबुवांची अकोल्याला धान्याची अडत आहे आणि पातूरच्या रस्त्यावर थोडं शेत. माणूस दिलदार, आवाज बैलाच्या बाजारातला. ते उजव्या खिडकीचे. एका दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, आमचे साहेब प्राण देतील, पण तुमच्या साहेबांसोबत जाणार नाहीत. ते म्हणाले, आमचे साहेब विष खातील, पण तुमच्या साहेबांच्या मांडीला मांडी लावणार नाहीत. बारकाईनं पाहिलं तर आमचं एकमत होतं. पण बारकाईनं पाहण्याची आमच्यापैकी कोणालाच सवय नव्हती.

"तसं झालंच," मी म्हणालो, "तर तुमचेच आधी जातील."

"आमचे?" त्यांनी हातातली पोळी ताटात टाकली. "जावईबुवा, तुमचे तर उभेच हायेत दारात, घंटी वाजवाची तेवढी बाकी हाय."

तिथून आवाज चढत गेले. शेवटी ते म्हणाले, "माह्या घरात बसून मले शिकवून राहिले तुमी," आणि मी म्हणालो, "मग नाही बसत." भरल्या ताटावरून मी उठलो, तेही उठले, दोन चुलत मेहुणे आमची समजूत घालता घालता आपसांत भांडले आणि तेही उठले. अर्धी पंगत उठली. सासूबाईंनी उरलेलं भरीत आणि पुरणपोळ्या शेजारीपाजारी वाटल्या. अमरावतीच्या गाडीत बायको बडनेरा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्यानंतर आमच्या घरी भाऊबीज मोबाईलवर होऊ लागली. बायको पाट मांडायची, रांगोळी काढायची, नारळाला टेकवून मोबाईल उभा करायची. पडद्यावर साळेबुवा टोपी घालून बसलेले. ती ओवाळायची आणि काचेवर कुंकवाचं बोट लावायची. मी स्वयंपाकघरात उभा असायचो, कारण मी दिसलो तर तिकडून पडदा काळा व्हायचा. ओवाळून झालं की ती हसत हसत फोन ठेवायची आणि मग भांडी फार जोरात घासायची. काच पुसायचं काम माझ्याकडे. दोन तासांवरचं माहेर आमच्या दोन साहेबांपायी तिला बोटभर काचेत बघावं लागत होतं. हे मला समजत नव्हतं असं नाही, पण पक्षशिस्त नावाची एक गोष्ट असते.

मग एका सकाळी बसमध्ये उजव्या खिडकीच्या एकानं मोबाईल पुढे केला. फोटो होता. क्रेननं उचललेला भला मोठा हार, आणि त्या एकाच हारात दोन माना. एक आमच्या साहेबांची, एक त्यांच्या साहेबांची. दोघंही फुलांतून हसत होते. दोघंही तिसऱ्याच कोणाच्या तरी पक्षात गेले होते, एकाच दिवशी, एकाच गाडीतून.

मोबाईल हातोहात मागच्या सीटपर्यंत गेला. रहाटगाव आलं, गेलं, सरकार पडलं नाही. टोलनाका आला, कोणी शपथ घेतली नाही. मला राग येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. आमच्याकडे मे महिन्यात लाईट जाते आणि कूलर बंद पडतो, तेव्हा आधी उकडत नाही. आधी शांतता ऐकू येते, आणि मग लक्षात येतं की इतका वेळ किती घरघर चालली होती. अगदी तसंच झालं.

संध्याकाळी घरी येऊन मी चप्पल काढायच्या आधी निवृत्तीचं निवेदन केलं. बायको वांगी चिरत होती. तिनं विळी सोडली नाही.

"टीवीवरची चर्चा?" तिनं विचारलं.

"बंद."

"बसमधली?"

"उद्यापासून ड्रायव्हरपाशी बसणार."

"अन् माह्या भावासंग?"

"त्यांच्याशी बोलणंच बंद आहे, तिथं राजकारण कुठलं?"

"तेच म्हनून राहिली मी," ती म्हणाली आणि विळी बाजूला सारली. मग तिनं सांगितलं ते ऐकून मी चप्पल पायात तशीच ठेवून खाली बसलो. त्या दिवाळीनंतर तिनं माहेरच्या शेतातल्या मारोतीला नवस बोलला होता. या दोघांच्या डोक्यातलं राजकारण जाऊ दे आणि दोघं एका पंगतीत बसू दे, तुझ्यापुढे रोडगे करीन.

रोडगे म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जाड दळलेल्या कणकेचे पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे फुललेल्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, हातानं फोडायचे, वर तूप ओतायचं, आणि सोबत वरण व वांग्याची भाजी. माणसानं एकदा मांडी घातली की मग उठवायला दुसरा माणूस लागतो. आणि नवसाचे रोडगे ज्या देवाला बोलले त्याच्याच पुढ्यात करावे लागतात. हा मारोती साळेबुवांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला होता.

तिनं भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला, मला बोट दाखवून गप्प बसवलं आणि माझ्या संन्यासाची बातमी त्याला दिली.

"तुमच्या त्यायचं काय सांगतं मले," तिकडून बैलबाजारचा आवाज आला. "मी सोता तो हार पाह्यला तवापासून टीवीचं रिमोट आपल्या बुड्या मायपाशी देऊन टाकलं. कीर्तन पायते ते दिवसभर."

"म्हनजे तुयंही गेलं डोक्यातलं?"

"गेलं."

"मंग हे येतीन रोडग्याले. चालते का?"

"शेत माहं हाय," ते म्हणाले, "पन मारोती काही माह्या एकट्याचा नाई."

फोन ठेवल्यावर तिनं आम्हा दोघांसाठी नियम केला. पंगत उठेपर्यंत दोघांपैकी एकाच्याही तोंडून राजकारणाचा शब्द निघाला, तर नवस फिटला नाही असं समजायचं, आणि मग भाऊबीज जन्मभर काचेवर. कणकेचा अंदाजही तिनंच घेतला. "आपल्या घरची अर्धी पंगत भांडून उठते," ती म्हणाली, "तेवढं धरूनच भिजवते."

ठरल्या दिवशी आम्ही पातूरच्या रस्त्यावर उतरलो. तुरी पिवळ्या पडत होत्या. साळेबुवा बांधावर उभे होते. त्यांनी बहिणीच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. दोन्ही बाजूंनी संयुक्त निवेदन एवढंच.

घोटाळा झाला तो धुरामुळे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे वारे होते, आणि त्या दिवसांत कोणाच्या शेतात जगऱ्याचा धूर दिसला की वऱ्हाडी माणूस त्याचा एकच अर्थ काढतो. कोणीतरी निवडणुकीला उभं राहून राहिलं आणि रोडगे मतदारांसाठी आहेत. आम्ही घरचीच माणसं बोलावली होती. बघता बघता बांधावर मोटारसायकली लागल्या. रस्त्यानं जाणारे आले, शेजारच्या वावरातले आले. अमरावतीहून खास जावई उतरवला आहे, अशी बातमी माझ्याआधी मारोतीपर्यंत पोचली होती.

शेवटी पांढऱ्या गाडीतून एक इच्छुक उतरले. कपडे पांढरे, बूट पांढरे. त्यांनी उतरल्या उतरल्या माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि कानाशी येऊन विचारलं, "जावईबुवा, कोन्या गटाकून?"

आता माझी अडचण बघा. मी उभा नाही, असं म्हणणं हासुद्धा राजकारणाचाच शब्द. बायको चार हातांवरून माझ्या ओठांकडे बघत होती.

"वांगी पातूरची आहेत," मी म्हणालो.

इच्छुकांनी डोळे बारीक केले. "पातूर तुमच्या मांगं हाय म्हनता." ते गंभीर झाले आणि साळेबुवांकडे वळले. "अन् तुमी काय ठरवलं, शेठ?"

"वरनात मीठ बरोबर हाय," साळेबुवा म्हणाले.

अशा मुत्सद्द्यांशी आपली गाठ कधी पडली नव्हती, असा चेहरा करून इच्छुक पंगतीत आम्हा दोघांच्या मधोमध बसले. पत्रावळी मांडल्या गेल्या. मारोतीला नैवेद्य झाला. पहिला घास घेताना त्यांनी सहज, अगदी सहज, म्हटलं, "बाकी तो हार पडला गळ्यात, पन मले कोनी सांगा, पहिले कोन गेलं? जावईबुवांचे साहेब का शेठचे?"

पंगतीतले हात थांबले. त्या दिवाळीला जे होते ते सगळेच इथं होते. सासूबाईंनी वरणाची पळी हवेत धरली. माझं तोंड उघडलं. उत्तर माझ्याकडे होतं हो. आमचे साहेब गाडीतून नंतर उतरले होते, उतरतानाच्या दुसऱ्या फोटोत स्पष्ट दिसत होतं, मी तो मोठा करून पाहिला होता. पलीकडे साळेबुवांच्या मानेची शीर फुगली होती, म्हणजे त्यांनीही तो मोठा करून पाहिला होता. बायको टोपली कमरेवर घेऊन उभी होती. तिनं काही खूण केली नाही. नुसती पाहत होती, गाडीच्या खिडकीतून पाहत होती तशी.

साळेबुवांनी समोरचा रोडगा उचलला, दोन्ही हातांनी फोडला आणि इच्छुकांच्या पुढून हात लांब करून माझ्या पत्रावळीत ठेवला. वर तुपाची वाटी पालथी केली.

"जावईबुवा," ते म्हणाले, "गरम हाय तवरच खा."

मी उघडलेलं तोंड वाया जाऊ दिलं नाही. त्यात रोडगा घातला. मग उठलो, भाजीची बादली घेतली आणि त्यांच्या पत्रावळीत दोन पळ्या वाढल्या. "दादा, तुम्हाला भाजी कमी दिसते," मी म्हणालो, आणि ते म्हणाले, "वाढा अजून." इच्छुकांनी आणखी दोनदा खडा टाकून पाहिला. एकदा त्यांना वरण मिळालं, एकदा मिरची.

मग पंगत सुटली. सुटली म्हणजे उठली नाही, जेवायला सुटली. चढवायला आवाजच नव्हते, तेव्हा माणसं आपापसांत बोलू लागली. कोणाच्या तुरीला किती शेंग धरली, कोणाची लेक कुठं दिली. एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना सांगितलं की शेजाऱ्याचा डावा कान बंद आहे हे त्याला आज कळलं. इतकी वर्षं वाद घालताना तो माणूस नुसता हसायचा का, याचाही उलगडा झाला. इच्छुकांनी पांढरे बूट काढून बाजूला ठेवले, पट्टा सैल केला. त्यांचा फोन वाजला तेव्हा ते म्हणाले, "ठेव बे, जेवून राहिलो," आणि रोडग्यासाठी हात पुढे केला.

तेवढ्यात बायकोनं मारोतीपुढचं तबक उचललं. जेवत्या भावासमोर गुडघे टेकून बसली आणि त्याच्या कपाळाला, खऱ्याखुऱ्या घामेजल्या कपाळाला, बोट लावलं. मी सवयीनं खिशातला रुमाल काढला होता. पुसायला काचच नव्हती. मी तो विजयी पताकेसारखा एकदा हवेत झटकला आणि परत ठेवला. साळेबुवांनी डोळ्यांत धूर गेल्याची तक्रार केली. जगरा तर केव्हाच विझला होता.

पंगत काही उठेना. एकही माणूस रागावून गेला नव्हता, एकही ताट अर्धवट राहिलं नव्हतं, आणि साळेबुवांनी माझ्या वाट्याचा म्हणून अजून एक रोडगा मागितला. बायको टोपलीत हात घालून चाचपत राहिली. मग तिनं टोपली उलटी केली, फक्त राख पडली, आणि आमच्यासाठी नवस फेडणारी ती बाई भर पंगतीत म्हणाली:

"आता काढा ना बापा कोनी एखादं राजकारन, रोडगे सरले."