बटाट्याचं माहेर

जेवताना शब्दांची कुळं काढायची मला वाईट खोड. पानात बटाटा पडला की मी सुरू. "हा शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातून आलाय. पावही त्यांचाच. आणि उपासाचा साबुदाणा? त्यातला साबू मलायातला!" बायको म्हणायची, "आधी गिळा. चौकश्या नंतर करा."

मन लावून ऐकणाऱ्या एकट्या मावशी. सानपाड्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं भाड्याने राहणाऱ्या, रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान. त्या डबा भरून सांदणं पाठवायच्या. आम्ही त्याच डब्यातून पुरणपोळी, काहीच नसलं तर मूठभर साखर तरी परत पाठवायचो. भांडं रिकामं द्यायचं नाही, हा दोन्ही घरांचा नेम. त्या साखरेवरही मी एकदा सुटलो, "ही आपली शर्करा. अरबांकडे गेली, सुक्कर झाली, तिथून जगभर." मावशी हसल्या. "म्हंजे पोरगी सासरी गेली नि तिकडचीच झाली."

मे महिन्यात लिफ्टमध्ये कागद लागला. सोसायटीत बाहेरची माणसं नकोत, भाडेकरूंबाबत रविवारी सभा. नाव कुणाचंच नव्हतं, तरी रोख कुणावर ते मला कळलं. त्यानंतर मावशी लिफ्टमध्ये शिरल्या की बोलणं थांबायचं. कुणीतरी त्यांच्या दाराखालून वासाची तक्रार सरकवली. अहो, सुकट आमच्याही घरी भाजतात! आमच्या दाराखाली काही आलं नाही. त्यांचा घरमालक फोन उचलेनासा झाला.

शनिवारी त्या दारात उभ्या. "तुमी बोलाल ना उद्या? आमी कुटून बाहेरचे? माझं माहेर हाय खाडीपल्याड."

"टेन्शन घेऊ नका," मी छाती फुगवून म्हटलं. "माझे वडील साताऱ्याहून मार्केटात गोणी उचलायला आले. बाहेरचे म्हणाल तर आम्हीच. उद्या हेच सांगतो सगळ्यांना."

सभेआधी नाश्ता होता. बटाटावडा, पाव, जिलबी, चहा. सेक्रेटरी गोड माणूस. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही काय, आपलेच." तो हात त्यांनी लवकर काढला नाही. मग ठराव वाचला. मावशींचा करार वाढवू नये, असं मालकाला कळवायचं. "कुणाची हरकत?"

बटाटा पोर्तुगीजांचा, जिलबी अरबांची, चहा चीनचा. सगळं तोंडपाठ, सगळं माझ्या हातातल्या ताटलीत. मी वड्याचा घास घेतला आणि चावत राहिलो. "मग मंजूर असेल त्यांनी हात वर करा." हात वर झाले. लिहितानाही लाज वाटते, त्यात माझाही होता.

घरी बायको एवढंच म्हणाली, "मूग गिळून बसलात ना?" मी हात वर केल्याचं तिला सांगितलं नाही. तिला ते जिन्यातच कळलं होतं.

महिनाअखेरीस बेल वाजली. मावशी होत्या. त्यांच्या मागे दोरीने बांधलेली खोकी. त्यांचा डबा आमच्या ओट्यावर तसाच राहिला होता, तो न्यायला आल्या होत्या. मी धावत आत गेलो, साखरेची बरणी काढली. झाकण काही निघेना.

"ऱ्हाऊ द्या," त्या दारातूनच म्हणाल्या. "रिकामाच द्या."

मी दिला.