गमबूटवाल्या पास्टरांची फेड

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आम्हाला सुधारायला पुष्कळ माणसं आली, पण सुधारायला येऊन आमचंच भात तुडवणारा माणूस एकच, वावर गावाकडच्या आमच्या पाड्यावरचे मिझोरामचे पास्टर! धर्मावर माझा काडीचा विश्वास नाही. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितोही. तरी या माणसाविषयी लिहायला बसलं की हात आवरत नाही.

त्यांना कशाचाही आनंद होतो. नागलीची भाकरी करपली तरी आनंद, एसटी चुकली तर चालायला मिळणार म्हणून आनंद. मराठी ते पाड्यावरच शिकले. जव्हारच्या कचेरीत साहेब खुर्ची दाखवतात, तर हे म्हणतात, "नाय बसत बाबा, पाय चिखलाचं हायेत," आणि साहेब त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहतात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली की गमबूट चढवून कुणाच्याही खाचरात न बोलावता उतरायचं, हा त्यांचा नेम. त्यांच्या मुलखात भात डोंगरउतारावर पेरतात. रोप उपटून पुन्हा लावायचं त्यांनी इथेच पाहिलं. त्यांची रोपं संध्याकाळी पाण्यावर तरंगायची आणि बायका हसत हसत ती पुन्हा लावायच्या.

गेल्या वर्षी तालुक्याहून काही तरुण आले, हा धर्म बाटवतो, पास्टरला हाकला म्हणाले. पूर्वीच्या मिशनवाल्यांजवळ शाळा असे, दवाखाना असे. त्यांना कोण बोलणार? यांच्याजवळ ताडपत्रीचं छप्पर, एक ढोल आणि प्रार्थनेला येणारी दोन-तीन घरं. पाड्याची बैठक बसली. मी तावातावाने संविधान वाचून दाखवलं, कुणी ऐकलं नाही. मग पाड्याचे म्हातारे कारभारी बोलले. आमच्याकडे रीतच आहे, जो तुमच्या शेतात राबला, त्याच्या शेतात तुम्ही राबायचंच; हीच फेड.

"ह्यो सगळ्यांच्या चिखलात राबलाय. ह्याला शेत नाय. हाकलला तर फेड करायला मिझोरामला जायचं का?"

"त्याचं एक रोप तरी उभं राह्यलं का?" कुणीतरी टोमणा मारला.

"रोप नाय राह्यलं. कंबर तर त्याचीच मोडली ना?"

कारभाऱ्यांनी स्वतःचं एक खाचर पास्टरांना कसायला दिलं. अख्खा पाडा फेडीला उतरला, हाकला म्हणणारेही. पास्टरांचा दुसरा बूट चढेपर्यंत आवणी उरकली! बांधावर ते एका बुटात उभे राहिले, प्रार्थनाही विसरले. मग म्हणाले, "फिटलं सगळं. आता जाऊ का?"

कारभारी म्हणाले, "उद्या माझ्या शेतात ये. आमच्यावर पुन्हा फेड चढू दे."

ते राहिले. यंदा मात्र त्यांची रोपं ताठ उभी राहिली, बायकांना पुन्हा लावावी लागली नाहीत. संध्याकाळी खाचरात कुणी हसलं नाही, आणि मला उगाच काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.