मांडीवरचा पंखा

उचगावच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या आक्का नव्या पंख्याचं खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खड्डा आला की त्यावर हात दाबून धरायच्या. माझ्या लहानपणी इकडे होळीच्या सुमारासही आम्ही सकाळी स्वेटर घालून शाळेत जायचो. पंखा कुणाच्याच घरी नव्हता.

"आमच्या मालकांना लई दम लागतोय उकाड्यानं," त्या म्हणाल्या. "तरी म्हणत्यात, आपल्या गावाला कशाला लागतोय पंखा?"

मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. बेळगावात मार्चमधल्या तापमानाचे जुने उच्चांक यंदा मोडले होते.

"ते पान दे की रं बाळा. माझं न्हाय, पण छापलेलं ऐकत्यात."

पानाची घडी घालता घालता त्यांचा हात थांबला.

"पंखा लावून घेतील," त्या म्हणाल्या, "पण गावचा गारवा गेला हे वाचून रडतील बघ."