तिरफळाचा वास

थोरल्या जाऊबाई गेल्या आणि त्यांचं बांगड्याच्या कालवणाचं मातीचं भांडं माझ्याकडे आलं. माझ्याच एका लागट शब्दावरून आम्ही सहा वर्षं बोलत नव्हतो. काल दुपारी भांडं वापरण्याआधी मी त्यात नुसतं पाणी उकळायला ठेवलं. हळूहळू घरभर तिरफळाचा वास पसरला, अगदी त्यांच्या हातच्या कालवणाचा. माती चव पिऊन ठेवते, हे मला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला. हे बाहेरून आले आणि दारातच थबकले. म्हणाले, "क्षणभर वाटलं, वहिनी आल्यात."

ते हातपाय धुवायला गेल्यावर मी त्या वाफेला म्हटलं, "चुकलं माझं, ताई."

पाणी आटेपर्यंत मी तिथंच उभी होते.