सासऱ्यांचे पिवळे डोळे

माझे सासरे ठाण्याच्या खाडीत मासेमारी करायचे. त्यांचे डोळे कायम पिवळट. "पितो म्हातारा," असं कोळीवाड्यात सगळेच धरून चालायचे. ते शपथेवर नाही म्हणायचे, तरी घरात शिरले की सासूबाई आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या.

मग माझ्या मुलीचे डोळे पिवळे दिसू लागले. दुसरीत होती ती. जिना चढताना दमायची. सासूबाईंनी काविळीची माळ आणून तिच्या गळ्यात घातली, पण डोळे तसेच. डॉक्टरांनी पोट चाचपलं, प्लीहा, म्हणजे पांथरी, वाढलेली हाताला लागली. माझ्या नवऱ्याचे पित्ताचे खडे ऐन तरुणपणी काढले होते, हेही त्यांनी ऐकून घेतलं आणि एक तपासणी सांगितली. कल्याणच्या ज्या लॅबमध्ये मी नोकरी करते, तिथेच ती केली.

ओळीने नळ्या लावायच्या. पहिलीत रक्ताइतकं खारट पाणी, पुढे मीठ कमी कमी होत जातं. प्रत्येकीत थोडं रक्त. पाणी जितकं अळणी, तितकं ते तांबड्या पेशीत जास्त शिरतं आणि पेशी फुगते. निरोगी पेशी चपटी, मधे दबलेली असते, म्हणून तिला फुगायला वाव असतो. तुलनेसाठी मी माझं रक्त घेतलं होतं. मधल्या एका नळीत ते तळाशी बसलं, वरचं पाणी नितळ. मुलीच्या नळीत मीठ तेवढंच, पण पाणी लाल. तिच्या पेशी मुळातच गोल. जरा फुगल्या की फुटत होत्या. मी हातमोजे काढून बाहेर जाऊन उभी राहिले.

"हे बहुतेक घराण्यातून येतं," डॉक्टर म्हणाले. म्हणून सासऱ्यांचंही रक्त तपासलं. त्यांच्याही नळीत पाणी लाल. त्यांची नळी मी त्यांच्याच हातात दिली. ती उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"मंजे डोले यानं पिवले?"

"हो बाबा. पेशी फुटतात, त्याचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. जन्मापासून."

"दारूनं नाय?"

"नाही."

"मंग म्हातारीला तू सांग. माजं ती ऐकाची नाय."

संध्याकाळी सासूबाई बोंबील साफ करत होत्या, तेव्हा सांगितलं. त्यांचा हात थांबला. "सगला जलम मी त्याचं तोंड हुंगलं," एवढंच म्हणाल्या.

मुलगी आता रोज रक्तवाढीची एक गोळी घेते, शाळेत जाते, भांडते. गोल पेशी प्लीहेतच मोडतात; ती काढायची की नाही, ते मुलगी मोठी झाल्यावर ठरेल. कोळीवाड्याच्या लेखी सासरे अजूनही पिणारेच आहेत. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं ते म्हणतात.