मक्याची दारू आणि माझी माय

हैदराबादच्या विमानासाठी आमची गाडी अहमदपूरहून निघाली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं रडला तो माझा चुलता. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या तोंडाचा भपकारा गाडीच्या काचेपर्यंत येत होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अमेरिकेला चालली बाई, पण संस्कार इसरू नको." माय बाजूलाच उभी होती. ती रडली नाही. जवसाच्या चटणीची पिशवी माझ्या मांडीवर टाकून एवढंच म्हणाली, "तिकडं गेली म्हणून लई शहाणी होऊ नको." गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, संस्कारांवर बोलणाऱ्याचं तोंड आधी हुंगून बघावं, हे मी त्याच दिवशी शिकले.

आता डॅलसला बारा वर्षं झाली. आमच्याकडे दर शनिवारी मराठी मंडळी जमतात. माझा नवरा संदीप नांदेडचा, पण गाव विचारलं की सांगतो, "पुण्याजवळ." नांदेड पुण्याजवळ असेल तर डॅलसही पुण्याजवळच म्हणायचं! त्याचा मित्र विनय उदगीरचा, तो तर गाव विचारलं की खोकायलाच लागतो. हीच मंडळी गणपतीत सोवळं नेसून आपली संस्कृती कशी टिकवायची यावर भाषणं ठोकतात, आणि आरती संपायच्या आत डॅलसच्या तळघर नसलेल्या घरात बार कुठं मांडायचा याची चर्चा करतात.

त्या बारवर मी बसवली गेले. म्हणजे उभी केली गेले. एकदा मी बर्बन आणि कॉफीच्या गोड दारूचं एक कॉकटेल केलं आणि ते माझ्या गळ्यातच पडलं. काय असतं त्यात? दोन माप बर्बन, एक माप कॉफीची दारू, संत्र्याच्या कडू अर्काचे दोन थेंब. मोठ्ठा बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळायचं, वर संत्र्याची साल पिळायची. संपलं. याला कला म्हणायची तर उद्या ताकात मीठ घालण्यालाही पदवी द्यावी लागेल. पण विनय ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटतो आणि म्हणतो, "वहिनी, काय बॅलन्स आहे!" बर्बन म्हणजे मक्याची दारू रे बाबा. उदगीरला तुला कुणी मक्याची दारू दिली असती तर नाक मुरडून पळाला असतास.

मग मागच्या वर्षी माय सहा महिन्यांसाठी आली, आणि माझं धाबं दणाणलं. कारण माझ्या मायनं गावातलं देशीचं दुकान बंद पाडलं होतं. चुलतीचं सुजलेलं तोंड बघून तिनं पदर खोचला, घरोघर फिरली, बायकांचं मतदान घडवून आणलं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आडवी जिंकली. दुकान फाट्यावर गेलं आणि आमच्या गावचे बहाद्दर तेवढं अंतर चालायला शिकले, ती गोष्ट वेगळी. पण मायला बघून अजून गावातले पिणारे रस्ता बदलतात. मला दुसरी कसली भीती नव्हती, तिच्या नजरेतून उतरायची होती.

मी बाटल्या तांदळाच्या डब्यामागे लपवल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर बर्बनची बाटली आडवी, बूच भिजून फळीवर ओघळ. मी पुसून उभी केली. दुसऱ्या दिवशी परत आडवी! हे मायचं काम. आठवडाभर मी उभी करत राहिले आणि ती आडवी करत राहिली. तिला कळलंय हे मला कळलं, आणि मी पोरीसारखी तिची नजर चुकवत फिरले. लाज वाटत होती, दुसरं काय.

शनिवारी मंडळी आली. मायनं माझ्या हातातल्या कॉकटेलच्या ट्रेकडे बघितलं तसा विनय घाईनं म्हणाला, "काकू, कॉफी आहे ही. कोल्ड कॉफी."

"मला येडी समजून राहिला का रं?" माय म्हणाली. मी ट्रे धरून मधोमध उभी. "आमच्या गावचे गडी बायकोला मारून प्यायचे. तुम्ही बायकोच्या हातून घेऊन पिता. लई सुधारले बाबा तुम्ही."

लेकी बोले सुने लागे. बोलली विनयला, मान खाली गेली संदीपची.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि रडतच म्हणाले, "माय, चुकलं माझं. मी पण घेते कधी कधी."

"त्या बाटलीचा मला राग हायच," ती म्हणाली. "पण त्याच्यापेक्षा तुझा जास्त आला. लातूरला खोली करून तुला शिकवली ती ह्यांच्या गिलासात बरफ घालायला व्हय? दोन घंटे झाले, तू एकदा बी बुड टेकलं न्हाई."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. बारा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी मात्र गावच्या बायकांची कीव करत होते.

पुढच्या शनिवारी मी सगळं सामान टेबलावर मांडलं आणि म्हणाले, "घ्या आपापलं." तीन इंजिनिअर, एक डॉक्टर, पण दोनास एक हे माप कुणाला जमेल तर शपथ. विनयनं उलटंच केलं आणि पाक पिल्यासारखं तोंड केलं. मी स्वतःपुरता एक ग्लास करून सोफ्यावर बसले. माय शेजारी येऊन टेकली, नाकाला पदर लावून. "सरक तिकडं, वास येऊन राहिला," म्हणाली. उठली मात्र नाही.

आतून संदीपची हाक आली, "अगं, जरा येतेस का?"

माझ्याआधी मायच बोलली, "ती बसली हाय."

घर कुठलं, असं तुम्ही दोन्हीकडचे मला विचारता ना? बाई बसलेली बघून जिथं कुणाच्या पोटात दुखत नाही, ते माझं घर. अहमदपूरला ते नव्हतं आणि इथंही नव्हतं. माय होती तेवढे दिवस होतं. ती परत गेली. मी शनिवारी अजून बसते.