उस्तादांचा फुगा

उस्तादांच्या केशकर्तनालयाचा एक कडक नियम होता: साबणाचा फेस फासलेला फुगा वस्तऱ्यानं न फोडता साफ करून दाखवायचा, मगच गिऱ्हाइकाच्या गळ्याला हात लावायचा. सख्ख्या पुतण्यालाही सूट नव्हती.

आणि एके दिवशी खुद्द उस्तादांच्याच हातातून वस्तरा निसटला. खुर्चीत मेहुणा होता, त्याच्या कानाची पाळी कापली. "भाऊजी, ताईवरचा राग माझ्या कानावर कशाला?" तो ओरडला, पण उस्तादांची बोटं वळेनात हे पाहून त्याचाही चेहरा उतरला. तपासण्या झाल्या. फुप्फुसात कॅन्सर, आणि तिथून मेंदूत पसरलेल्या गाठी. आयुष्यात विडीला न शिवलेला माणूस, काय म्हणावं या नशिबाला! उस्तादांनी एवढंच विचारलं, "पुन्हा वस्तरा धरता येईल ना?"

"आत्ताच सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या कॅन्सरच्या प्रकारावर नेमकी चालणारी गोळी आहे, ती रोज घ्यायची. ती अंगभर काम करते. शिवाय मेंदूतल्या गाठींवर नेम धरून किरण सोडायचे."

"म्हणजे गोळी हे डोकंभर फिरवायचं केसांचं मशीन, अन् किरण म्हणजे कानामागं वस्तरा!"

"अगदी तसंच," बाई हसल्या.

किरणांच्या खोलीत चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवताना तिथली मुलगी म्हणाली, "काका, मान हलवू नका हं." उस्ताद गुरगुरले, "अगं, जन्मभर हे मी सांगत आलोय!"

किरण संपले, गोळी चालू राहिली. अंगावर पुरळ उठलं, पोटानं छळलं. पुढच्या स्कॅनमध्ये मात्र गाठी पार आक्रसलेल्या दिसल्या. बायको तिथंच ढसाढसा रडली. उस्ताद घरी आले ते फुगे घेऊनच.

फट्! बायकोच्या तोंडावर फेस. फट्! आरशावर फेस. "अहो, नियम तुमचाच, सोडा की आता," ती वैतागली. "नियम म्हणजे नियम!" फुगे फुटत राहिले, पण बोटं हळूहळू ऐकायला लागली. अखेर एका सकाळी गुळगुळीत, अख्खा फुगा हातात घेऊन उस्ताद घरभर नाचले.

दुकान उघडलं. गिऱ्हाइकं आली, गळाभेटी झाल्या, पण जो तो म्हणे, "आज फक्त केस." जीव कुणाला प्यारा नसतो? उस्ताद मनातून खचले. तेवढ्यात मेहुणा आला, थेट खुर्चीत बसला आणि त्यानं हनुवटी वर केली. "दाढी. दुसरा कान तेवढा शाबूत ठेवा."

वस्तरा गळ्यावरून सरसर वर गेला. रक्ताचा थेंब नाही. आरशात बघता बघता मेहुण्याला हुंदका आवरेना, खांदे गदगदायला लागले.

"मेहुणे," उस्ताद दरडावले, "मान हलवू नका!"